नेपाळला कधी जावं? सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी उंचीचा आणि महिन्यांचा हिशोब

"नेपाळला कोणत्या महिन्यात जावं?" असं विचारलं की बहुतेक टूरवाले लगेच 'ऑक्टोबर-नोव्हेंबर' म्हणून मोकळे होतात. उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे, कारण नेमकं कुठे जायचंय हे कुणी विचारलेलंच नसतं. चितवनला गेंडा बघायला निघालेलं कुटुंब, आई-वडिलांना मुक्तिनाथ घडवायला निघालेला मुलगा आणि एव्हरेस्ट बेस कॅम्पपर्यंत चालत जाणारी कॉलेजची पोरं, या तिघांचा चांगला महिना वेगवेगळा आहे.

सोलापूरच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. श्रावणात महाबळेश्वर धो धो गळत असतं, वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास. तेच ढग आपल्या डोक्यावरून नुसते सरकत जातात. आपला वर्षाचा पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटर, आणि त्यातही सगळ्यात जास्त भरवसा सप्टेंबरचा. सह्याद्रीनं अडवलेल्या पावसाच्या मागच्या बाजूला आपण राहतो. नेपाळात सह्याद्रीच्या जागी अन्नपूर्णा आणि धौलागिरी उभे आहेत, एवढाच फरक. पोखराजवळच्या लुम्ले गावात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत साधारण ५५ किलोमीटरवर जोमसोम आहे, तिथे जेमतेम तीनशे. महिना तोच, देश तोच. पण एकीकडे जळवा आणि दुसरीकडे धूळ.

म्हणून 'कधी' ठरवायच्या आधी 'कुठे' ठरवायचं.

पहिली पायरी: ठिकाणं लिहा आणि प्रत्येकापुढे उंची लिहा

नेपाळची दक्षिणोत्तर रुंदी सरासरी दोनशे किलोमीटरही भरत नाही, म्हणजे सोलापूर-पुणे अंतरापेक्षा कमी. तेवढ्यात जमीन साधारण ६० मीटरवरून निघून ८८४८.८६ मीटरवर पोचते. नेपाळी लोक याचे तीन पट्टे मानतात: खालची सपाट तराई, मधला पहाड आणि वरचा हिमाल. हिमालाच्या पाठीमागे मुस्तांग आणि डोल्पोचा कोरडा भाग आहे. प्रवाशाच्या दृष्टीनं तो चौथा पट्टा धरावा, कारण तिथला पावसाळा बाकी देशाच्या उलटा वागतो.

आपल्याकडून लोक जातात ती ठिकाणं उंचीप्रमाणे अशी लागतात. जनकपूर, लुंबिनी आणि चितवनची सफारीची बाजू दोनशे मीटरच्या आतबाहेर, म्हणजे सोलापूरपेक्षाही खाली. पोखरा साधारण ८२०, काठमांडू १४००, नगरकोट एकवीसशेच्या वर. जोमसोम २७०० आणि मुक्तिनाथ ३७०० च्या पुढे. सूर्योदयासाठी प्रसिद्ध पूनहिल ३२००. एव्हरेस्टच्या वाटेवरचं विमानतळाचं गाव लुक्ला २८५० च्या आसपास, एव्हरेस्ट बेस कॅम्प ५३६४, अन्नपूर्णा फेरीतली थोरोंग ला खिंड ५४१६.

आता साधं गणित. दर हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पोखराला दुपारी २५ अंश असतील तर मुक्तिनाथ त्याच्यापेक्षा जवळजवळ २९०० मीटर वर, म्हणजे तिथे सहा-सात अंश. हे झालं दुपारचं, उन्हातलं. सूर्य डोंगराआड गेला की पारा झपाट्यानं उतरतो, आणि वारा असला तर अंगाला त्याहूनही थंड लागतं. सोलापुरात जानेवारीच्या पहाटे पंधरा-सोळा अंश झाले की आपण शेकोटी पेटवतो. त्या हिशोबानं काय ते समजून घ्या.

एका सहलीत तीन-चार ठिकाणं असतील, आणि असतातच, तर महिना सगळ्यात उंच ठिकाणाला ठरवू द्या. खालची ठिकाणं बऱ्याच महिन्यांत सांभाळून घेतात, वरची घेत नाहीत. याला मोठा अपवाद म्हणजे मे महिन्यातली तराई. तिच्याबद्दल पुढे.

दुसरी पायरी: महिन्यापुढे ठिकाण ठेवून बघा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते नोव्हेंबरअखेर हा काळ नावाजलेला आहे तो योग्य कारणासाठी. चार महिन्यांच्या पावसानं हवेतली धूळ-धूर धुऊन काढलेला असतो, ढग पांगलेले असतात आणि थंडी अजून चावत नसते. पोखराच्या फेवा तलावाकाठून माछापुछ्रे शिखर कोरून ठेवल्यासारखं दिसतं ते याच दिवसांत. तरी डोंगर बघायचा तो पहाटे ते नऊ-साडेनऊपर्यंत. दुपारी चांगल्या दिवशीही ढग चढतात. पोखराजवळच्या सारंगकोटच्या टेकडीवर सकाळी अकरा वाजता पोचून 'काही दिसलं नाही' म्हणणाऱ्यांची चूक महिन्याची नसते, घड्याळाची असते.

पण या काळाला दोन खोट्या कडा आहेत. पहिली सप्टेंबरची. पाऊस नेपाळात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्वेकडून शिरतो आणि हल्ली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो. वर्षाचा जवळजवळ ८० टक्के पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. 'सप्टेंबर संपत आला, आता उघडीप' असं धरू नका. २०२४ मध्ये २६ ते २८ सप्टेंबरच्या पावसानं काठमांडू खोरं बुडालं, महामार्गांवर दरडी आल्या आणि देशात दोनशेहून अधिक माणसं गेली.

दुसरी कडा ऑक्टोबरच्या मधली आहे, आणि ती बंगालच्या उपसागरातून येते. २०१४ च्या ऑक्टोबरात हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचं उरलेलं बाष्प दोन दिवसांत हिमालयावर जाऊन आदळलं. १४ ऑक्टोबरला थोरोंग ला भागात हिमवादळ झालं, चाळीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. ऐन हंगाम, ऐन गर्दी. हे वादळांचं प्रकरण आपल्याला परकं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर-पंढरपूरला ज्यानं झोडपलं तो पट्टाही उपसागरातूनच आंध्रमार्गे आला होता. ऑक्टोबरात तीन हजार मीटरच्या वर जाणार असाल तर आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर वादळ आहे का, एवढी एक बातमी रोज बघा. असेल तर दोन-तीन दिवस खालच्या गावात थांबा.

डिसेंबर-जानेवारीत चित्र उलटं होतं: वर स्वच्छ, खाली धुकं. तराईत शीतलहर येते, लुंबिनी-जनकपूरला दुपारी बारापर्यंत सूर्य दिसत नाही, भैरहवा (लुंबिनीजवळचा विमानतळ) आणि जनकपूरची विमानं उशिरानं किंवा रद्द. पलीकडे उत्तर प्रदेशातही हेच धुकं असल्यानं, नेपाळच्या सुनौली सीमेसाठी जिथे उतरायचं त्या गोरखपूरकडच्या रेल्वेगाड्या तासन्‌तास लेट होतात. काठमांडूत पहाटे पारा दोन-तीन अंशांवर येतो, पण दिवसा अठरा-एकोणीस अंश आणि छान ऊन. मुक्तिनाथला मात्र १०८ धारांखाली पळत जाऊन अंघोळ करायची हौस या दिवसांत आवरावी. धारांभोवती बर्फ धरलेलं असतं, पायऱ्या निसरड्या होतात, आणि बर्फ पडलं तर जीपचा रस्ताच बंद. या दोन महिन्यांसाठी आमचा सल्ला सरळ आहे: काठमांडू, पोखरा, नगरकोट करा आणि परत या.

फेब्रुवारीला मात्र उगाच कमी लेखतात. चितवनसाठी हाच खरा महिना. जानेवारीच्या शेवटाला गावकऱ्यांना छपराचं गवत कापायला काही दिवस जंगल उघडतात. माणसापेक्षा, कधी हत्तीएवढं उंच असलेलं गवत निघालं की फेब्रुवारी ते एप्रिल गेंडे, हरणं आणि नशिबात असेल तर वाघ उघड्यावर दिसतो. ऑक्टोबरात जीपमधून गवताच्या भिंतीच बघाव्या लागतात. गेंडा तरी दिसतो, कारण तो नदीकाठी येतो. बाकीच्यांचं काही सांगता येत नाही. वाघासाठीच जायचं असेल तर पश्चिमेचं बर्दियाचं जंगल आणि मार्च-एप्रिल. पाणवठे आटतात तशी जनावरं नदीवर येतात, पण ऊनही तितकंच सोसावं लागतं.

मार्चचा मध्य ते एप्रिलचा मध्य लालीगुराँसचा. हे नेपाळचं राष्ट्रीय फूल. घोरेपानी-पूनहिलच्या वाटेवर त्याची झाडंच्या झाडं लाल होतात. फूल बघायचं असेल तर हा महिना, शिखरं बघायची असतील तर नोव्हेंबर. दोन्ही पुरेपूर एका वेळी मागू नका. मार्च-एप्रिलात वणव्यांचा धूर आणि धूळ मिळून खोऱ्यांत असा गढूळ पडदा धरतो की पोखरातून समोरचा डोंगरसुद्धा दिसत नाही. एखादी वादळी सर आली की दुसऱ्या सकाळी अर्धा दिवस सगळं लख्ख, मग पुन्हा पडदा. तीन हजार मीटरच्या वर गेलात तर या पडद्याच्या बऱ्यापैकी वर निघता, म्हणून बेस कॅम्पवाल्यांना वसंत चालतो आणि पोखरावाल्यांची निराशा होते.

मे महिना: सोलापूरकरांचा खरा पेच

शाळांना सुट्टी, शहरात ४२-४३ अंश, आणि थंड हवेचं ठिकाण म्हणून नेपाळ. बहुतेक कुटुंबांचा महिना हाच असतो, तेव्हा त्याला 'ऑफ सीझन' म्हणून मोडीत काढून चालत नाही. फक्त काय मिळेल आणि काय नाही, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगून टाकावं.

गारवा मिळेल. काठमांडूत मेमध्ये दुपारी २८-२९ अंश, पोखराला तिसाच्या आसपास, संध्याकाळी बऱ्याचदा गडगडाटी सर, कधी गारा. मुक्तिनाथला दिवसा हलकं स्वेटर पुरतं, रात्री जाड लागतं. म्हाताऱ्या माणसांना तिथे न्यायला एप्रिलचा शेवट ते मेअखेर हा काळ चांगला: रस्त्यावर बर्फ नाही, दरडी अजून सुरू झालेल्या नाहीत. हिमशिखरं मात्र पोखरातून दिसतीलच असं नाही. चार मुक्काम ठेवलेत तर एखादी सकाळ साधून जाते. एकच मुक्काम ठेवला तर तो जुगार.

मे महिन्यात टाळायची ती तराई. लुंबिनी आणि जनकपूरचा पारा मेमध्ये चाळिशीकडे झुकतो आणि हवा दमट. सोलापूरचं कोरडं ऊन सोसणाऱ्यालाही तिथली चिकचिक झेपत नाही. सुनौलीमार्गे जाणार असाल तर लुंबिनी वाटेतच लागते. ती सकाळी सात ते दहाच्या आत उरकून पुढे निघा. मायादेवी मंदिराच्या आवारात अनवाणी चालावं लागतं, दुपारी फरशा चटके देतात. बुद्धपौर्णिमेला तिथे मोठी गर्दी असते आणि ती याच उकाड्यात येते.

पावसाळ्यात जायचंच असेल तर

जुलै-ऑगस्टमध्ये पोखराच्या आसपास रोज पाऊस, जंगलवाटांवर जळवा, पॅराग्लायडिंग बंद, नद्या फुगलेल्या. पण जोमसोमच्या वरचं मुस्तांग याच वेळी उत्तम असतं. शेतं हिरवी, डोंगर कोरडे. मेख एवढीच, की मुस्तांग कोरडं असलं तरी तिथे पोचायचा रस्ता कोरडा नसतो. पोखराहून बेनी, तातोपानी, घासा हा काली गंडकीच्या घळीतला पट्टा दरडींचा आहे, आणि विमानानं जायचं तर पोखराचं ढगाळ आभाळ आडवं येतं. म्हणजे पावसाळ्यात मुस्तांग करायचं तर जाताना दोन आणि येताना दोन दिवस हातचे ठेवा. नसतील तर बेत सोडा. मुस्तांगच्या वरच्या, लो-मन्थांगच्या भागासाठी वेगळा परवाना लागतो, हेही लक्षात असू द्या.

पावसाळ्यात रात्रीची बस घेऊ नये. १२ जुलै २०२४ च्या पहाटे नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलताल इथे दरडीनं दोन बसगाड्या त्रिशूली नदीत लोटल्या. त्यांत साठहून अधिक प्रवासी होते. सुनौलीहून काठमांडूला जाणारी बरीच वाहनं याच रस्त्यानं जातात. दिवसा निदान दरड दिसते, वाहनं थांबतात, माणसं ओरडून सांगतात.

तिसरी पायरी: आपलं पंचांग आणि त्यांचं पंचांग शेजारी ठेवा

इथेच सगळ्यात जास्त बेत फसतात. दसरा, दिवाळी, महाशिवरात्र आपल्याकडे आणि तिकडे जवळपास एकाच दिवशी असतात, कारण तिथी त्याच. अधिक महिन्याच्या वर्षी आपली दिवाळी नोव्हेंबरात सरकली की त्यांचा तिहारही सरकतो. आपल्या सोलापुरातूनच निघणाऱ्या पंचांगावरून नेपाळचे हे सण तुम्हाला बऱ्यापैकी काढता येतील.

नेपाळचा दशैं, म्हणजे आपला दसरा, पंधरा दिवसांचा. विजयादशमीच्या दोन-तीन दिवस आधीपासूनच काठमांडू रिकामं होतं, गावाकडे जाणाऱ्या बसला जागा मिळत नाही, दुकानं आणि कचेऱ्या बंद, जीपवाले घरी. नवख्यानं विजयादशमीच्या मागे-पुढे चार दिवस प्रवासाचे ठेवू नयेत. एका गावात मुक्काम ठेवावा. तिहार त्यामानानं सोपा आणि बघण्यासारखा. एक दिवस कुत्र्यांची पूजा होते, गळ्यात झेंडूच्या माळा घालून.

श्रावणाचा घोळ वेगळाच आहे. नेपाळचा साउन महिना सौर असल्यानं जुलैच्या मध्यालाच सुरू होतो. आपला श्रावण अमावास्येनंतर लागतो. पशुपतिनाथाच्या श्रावणी सोमवारची गर्दी चुकवायला निघालेले लोक आपल्या पंचांगावर भरवसा ठेवून बरोबर गर्दीत सापडतात. महाशिवरात्रीला मात्र दोन्हीकडे एकच रात्र. पशुपतिनाथाला भारतातूनही साधू आणि भाविक लोटतात, रांग तासांत मोजावी लागते, आणि हॉटेलचे भाव त्या चार दिवसांत वेगळेच.

आता दिवाळीच्या सुट्टीचा प्रश्न. भाऊबीज करून निघू, असं बहुतेक घरांत ठरतं. आकाश तेव्हा उत्कृष्ट, पण रेल्वे सगळ्यात वाईट. भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी छठ असते आणि मुंबई-पुण्याहून उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांत त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. आरक्षित डब्यातसुद्धा आपल्या बर्थपर्यंत पोचणं अवघड. छठ झाली की गर्दी उलट फिरते आणि परतीच्या गाड्या भरतात. यावर दोन उपाय. शाळेची मुलं बरोबर असतील तर आरक्षण उघडतं त्या दिवशी, म्हणजे प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळीच तिकीट काढा, किंवा दिल्लीमार्गे विमान धरा. मुलांच्या शाळेचं बंधन नसेल तर छठ उलटू द्या आणि कार्तिकी एकादशीच्या सुमाराला निघा. उत्तरेकडच्या गाड्या तेव्हा मोकळ्या होतात, आणि तुम्ही दहा-बारा दिवसांनी परताल तोवर दक्षिणेकडची गर्दीही ओसरते.

कार्तिकीला पंढरपूर सोडून कसं जायचं, हा वारकरी घरांचा प्रश्न वाजवी आहे. त्याच दिवशी नेपाळात हरिबोधिनी एकादशी असते आणि काठमांडूजवळ बूढानीलकंठला शेषशायी विष्णूच्या दर्शनाला मोठी यात्रा भरते, एवढं सांगून ठेवतो. वारी चुकवायची नसेल तर एकादशी करून निघा. मार्गशीर्षाचे पहिले दोन आठवडे आमच्या मते सगळ्या वर्षातले सगळ्यात हिशोबी दिवस: आकाश स्वच्छ, परदेशी ट्रेकरांची गर्दी ओसरलेली, हॉटेलवाले भावावर बोलायला तयार. जनकपूरला विवाहपंचमीही, म्हणजे राम-सीतेच्या लग्नाचा उत्सव, याच पंधरवड्यात येते. ती टाळायची की गाठायची, ते तुम्ही ठरवा.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असल्यानं सोलापूरकर तसाही गाव सोडत नाही. तिकडे धुकं आणि बर्फ असल्यामुळे त्यात काही फारसं गमावतही नाही.

चौथी पायरी: हातचे दिवस

आपल्याकडच्या सहलींची आखणी स्टँडवरच्या वेळापत्रकासारखी असते: सातला चहा, आठला बस. नेपाळच्या वरच्या पट्ट्यात ती टिकत नाही.

पोखरा-जोमसोम विमान वीस-पंचवीस मिनिटांचं, पण ते फक्त सकाळी उडतं, कारण दहा-अकरानंतर काली गंडकीच्या खोऱ्यात असा वारा सुटतो की उतरणं धोक्याचं होतं. सकाळी ढग असले तर दुपारी जाऊ, असा पर्याय नाही, थेट उद्या. जोमसोमला जाता-येता प्रत्येकी एक हातचा दिवस ठेवा. लुक्लासाठी दोन ठेवा. तिथली धावपट्टी ५२७ मीटरची आहे, ढग आले की सगळं थांबतं. शिवाय मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या गर्दीच्या काळात लुक्लाची बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मन्थली विमानतळावरून सुटतात. म्हणजे रात्री एक-दोन वाजता उठून चार-पाच तास गाडीत. तिकीट काढताना कुठून सुटणार, हे विचारून घ्या.

जीपनं पोखरा ते मुक्तिनाथ आठ-दहा तास धरा. एका दिवसात नेणारे टूरवाले आहेत, आणि तिथेच गडबड होते. साडेचारशे मीटरवर राहणारा माणूस सकाळी ८२० वरून निघून संध्याकाळी ३७०० वर झोपला की डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे ठरलेलंच. तरण्यांनाही होतं. जाताना एक मुक्काम तातोपानी किंवा कालोपानीला, दुसरा मार्फा, जोमसोम किंवा कागबेनीला करा. तिसऱ्या दिवशी सकाळी दर्शन घेऊन दुपारी खाली या, वर झोपू नका. तीन हजार मीटरच्या वर ट्रेक असेल तर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. हृदयविकार, दमा, रक्तदाब असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना ही उंचीची यादीच दाखवावी. 'नेपाळला चाललोय' एवढं सांगितलं तर ते काठमांडूचा विचार करतील.

पाचवी पायरी: महिन्याप्रमाणे पिशवी

सोलापुरी चादर नेऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटत नाही, पण ती सुती, जड, आणि एकदा दमट झाली की तिथल्या थंडीत वाळत नाही. मुक्कामाला रजया मिळतात. त्यापेक्षा अंगात थर ठेवा: आत थर्मल, वर लोकरी स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. कानटोपी आणि हातमोजे ऑक्टोबर ते एप्रिल मुक्तिनाथला लागतातच. मेमध्ये रेनकोट पोखरासाठी. पावसाळ्यात जंगलवाट असेल तर मिठाची पुरचुंडी आणि पोटरीपर्यंत मोजे, जळवांसाठी.

खाण्याचं मात्र आपलंच न्यावं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आठ-दहा दिवस हवेशी सहज टिकते, वजनाला हलकी, आणि दरडीत गाडी अडकली की तिची किंमत कळते. चटणी ओली करून नेऊ नका, कोरडीच ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ प्रतीत हवं. प्रौढ माणसानं केवळ आधार कार्डावर विसंबून विमानतळ गाठू नये. १५ च्या आतल्या आणि ६५ च्या वरच्यांना फोटोसह वय सिद्ध करणारं इतर ओळखपत्र चालतं. भारतीय एक रुपया म्हणजे नेपाळी एक रुपया साठ पैसे, हा दर ठरलेला आहे. शंभराच्या नोटा जास्त ठेवा, कारण वरच्या गावांत मोठ्या नोटा आणि मोबाईलवरचे पैसे दोन्हींचा भरवसा नाही. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. सकाळच्या विमानासाठी ही १५ मिनिटं महाग पडलेली माणसं कमी नाहीत. मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतं, त्याचा परवाना पोखरा किंवा काठमांडूला काढून घ्या. सार्क देशांच्या लोकांना दर कमी आहे, तो मागून घ्यावा.

निघायच्या आधीचा पंधरवडा

महिना ठरला, तिकिटं झाली, तरी शेवटची पडताळणी राहते. दहा दिवस आधी नेपाळच्या जल तथा मौसम विज्ञान विभागाचा अंदाज बघायला लागा. तो रोज निघतो आणि देवनागरीत असल्यानं नेपाळी न येणाऱ्यालाही बराचसा कळतो: 'वर्षा', 'हिमपात', 'चट्याङ' म्हणजे वीज. पोखरातल्या जीपवाल्याला फोन करून बेनी-जोमसोम रस्ता चालू आहे का, एवढंच विचारा. 'आपण येईपर्यंत होईल' असं उत्तर आलं तर रस्ता बंद आहे असं समजा आणि त्या दोन दिवसांत बंदीपूर किंवा पाल्पाचा बेत तयार ठेवा. दोन्ही पोखराहून फार लांब नाहीत, दोन्ही मध्यम उंचीवर आहेत आणि आभाळ उघडं असलं तर दोन्हीकडून हिमालयाची ओळ दिसते.